विहीर क्रमांक सतरा

टेपच्या टोकाला हातभर खडू फासते,
कुठं फट राहू नये असा,
आणि सोडते खाली.
खडू जिथं ओला होतो तिथं पाणी.
एवढीच माझी नोकरी.

विहीर क्रमांक सतरा, मंगळवार पेठ.
मालक : गोदाक्का हुपरे.
वर घडीव दगड, खाली कातळ.
फॉर्मवर कातळ नाही,
बेसाल्ट आहे.

गोदाक्का कठड्याला टेकून विचारते,
"किती भरलं गं आज?"
"चार मीटर वीस."
"म्हंजे किती पुरूस?"
मी मनात भागाकार करते. "अडीच."
मग तिला कळतं.
"मी सून म्हणून आलो तवा
हात घातला की कळशी बुडायची," ती म्हणते.
हे लिहायला रकाना नाही.

मागच्या गल्लीत बाबालाल शिकलगारची बोअरची गाडी.
त्याची वही शाळेची, चौकटीची :
पाच फुटापतूर काळी.
अकरापतूर मुरूम.
चाळीसपतूर पाषाण, बिट तापतो.
चाळीसला लाल माती, चार फूट.
परत पाषाण.

ती लाल माती तो चिमटीत धरतो,
म्हणतो, देवळात वाटावी अशी.
मी सांगते : एक लाव्हा आला, निवला,
मग हजारो वर्षं कुणीच आलं नाही.
ऊन, पाऊस, वारा.
दगडाची माती झाली.
आणि तिच्यावर दुसरा लाव्हा आला,
विटेसारखी भाजून गेला तिला.
बाबालाल विडी विझवतो.
"म्हंजे जरा सुट्टी गावलीवती म्हणा की जमिनीला."

काळी माती मात्र सुट्टी घेत नाही.
उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते,
गोदाक्काचं मागचं दार
मे महिन्यात मुकाट लागतं
आणि श्रावणात खांदा लावल्याशिवाय हलत नाही.
चाळीस वर्षं ती सुताराला शिव्या घालते.
सुतार मेला त्यालाही वीस झाली.

यंदा शेजारचा प्लॉट खणायला काढला.
खाली दोन मजले पार्किंग.
बारा फुटांवर निघाला चिखल,
करडा, मऊ, नाक धरायला लावणारा,
त्यात नखाएवढे शंख, शेकड्यानं.
इथं तळं होतं हे सगळ्यांना माहीत होतं,
बोळाचं नावच तळ्याचा बोळ,
पण नाव म्हणजे काय, नाव.

पंप लागला. रात्रंदिवस.
सतरा नंबर : सहा मीटर दहा.
पुढच्या आठवड्यात आठ.
मग एक दिवस टेप खट्कन टेकला
आणि खडू जसा गेला तसाच वर आला,
पांढराशुभ्र, कोरडा.

गोदाक्कानं पुरूस विचारला नाही.
कळशी उचलली, बोळातून गेली,
पंपाच्या पायपाखाली ओंजळ धरली,
पाणी तोंडात घोळवलं.
"माझंच हाय," म्हणाली.
"जरा जड, वर मागनं गोडसर. वळकतो की मी."
आणि गटाराच्या कडेला बसून
आपल्याच विहिरीचं पाणी भरून आणलं.
पंपावरचा पोरगा काही बोलला नाही.

कॉंक्रीट झालं. पंप थांबला.
ऑक्टोबरात मी खडू फासला,
पाच मीटर चाळीस. आलं होतं परत,
सगळं नाही.

आता त्या इमारतीत दुसऱ्या तळमजल्यावर
उत्तरेच्या भिंतीला एक ओल आहे.
तीनदा वॉटरप्रूफिंग केलं.
वॉचमन तिच्याखाली बादली ठेवतो,
सकाळी झाडांना घालतो.
गोदाक्काला सांगितलं तर हसली,
"भाडं मागायला जात असंल."

परवा जाता जाता मी तिथं उतरले.
काही कारण नव्हतं, फॉर्मही नव्हता.
खिशातला खडू टेपला फासला
आणि बादलीत सोडला.

सात सेंटीमीटर.